मुंबई बंदरातील उतारू वाहतूक: तरीपासून रो-रोपर्यंत

मुंबई शहराचा इतिहास बहुधा भराव, पूल आणि लोहमार्ग यांच्या क्रमाने सांगितला जातो. आधी सात बेटे एकमेकांना जोडली गेली, मग ती उत्तरेच्या साष्टी बेटाला आणि साष्टी मुख्य भूमीला जोडली गेली, असा तो क्रम आहे. या मांडणीत जमीन वाढत जाते आणि पाणी मागे सरते, त्यामुळे पाण्यावरून नित्य ये-जा करणाऱ्या माणसांची दखल तिच्यात क्वचितच घेतली जाते. उरण, घारापुरी, पनवेल, पेण, रेवस, मांडवा आणि त्यांच्या मागचा सारा कुलाबा जिल्हा, म्हणजे आजचा रायगड, यांचा मुंबईशी असलेला संबंध मात्र तीन शतकांहून अधिक काळ प्रामुख्याने जलमार्गाचाच होता. या जलमार्गाकडे राज्यकर्त्यांनी प्रत्येक काळात पूल किंवा लोहमार्ग होईपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून पाहिले. त्याच्यावर जकात बसवली, त्याचे मक्ते दिले, परवाने दिले, परंतु त्याची जोखीम बहुतांशी उतारूवर आणि खलाशावर सोडली. आजच्या लाँचच्या फेऱ्यांमागची अनेक दुखणी समजून घ्यायची तर हा इतिहास पाहणे भाग आहे.

मुंबई बंदर हा मुंबई बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधला, वाऱ्यापासून बराच सुरक्षित असलेला मोठा जलाशय आहे. त्याच्या पश्चिमेला मुंबईचे गोदीकाठ, उत्तरेला ठाणे आणि पनवेल यांच्या खाड्या, मधोमध घारापुरी, पूर्वेला न्हावा आणि उरण, तर दक्षिणेला अंबा नदीची धरमतर खाडी आणि तिच्या तोंडावरचे रेवस अशी त्याची रचना आहे. रेवसच्या पश्चिमेला मांडवा आणि थळ लागतात, आणि तेथून पुढे बंदराचा आसरा संपून उघडा समुद्र सुरू होतो. उरणचा प्रदेश पूर्वी करंजा बेट या नावाने ओळखला जाई. बंदराच्या पूर्व काठावर खोल पाणी थोडे आणि चिखलाचे पट्टे विस्तीर्ण आहेत, त्यामुळे भरतीच्या वेळी काठाला टेकणारी होडी ओहोटीच्या वेळी काठापासून बरीच दूर राहते. या एका गोष्टीने येथल्या वाहतुकीचे वेळापत्रक कायम ठरवले आहे.

इंग्रजांच्या हाती मुंबई आली तेव्हा हे बेट स्वतःच्या अन्नावर जगू शकत नव्हते. धान्य, जळण, गवत आणि भाजीपाला समोरच्या किनाऱ्यावरून येई आणि तो किनारा दुसऱ्याच्या सत्तेत असे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी १६७४ मध्ये मुंबईहून निघालेला हेन्री ऑक्झिंडेन समुद्रमार्गे चौलला, तेथून पुन्हा जलमार्गे अष्टमीला आणि पुढे खुष्कीने, म्हणजे जमिनीवरून, रायगडाला पोहोचला. मुंबईहून स्वराज्याच्या राजधानीकडे जाणारा रस्ता बंदरातूनच सुरू होत होता, हे त्यावरून दिसते. पाच वर्षांनी, १६७९ मध्ये, महाराजांनी बंदराच्या तोंडावरच्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला तेव्हा इंग्रजांनी आपली जहाजे आडवी घातली; तरीही समोरच्या किनाऱ्यावरून लहान मराठी होड्या रात्रीच्या वेळी सामान आणि माणसे पोहोचवीत राहिल्या. मोठ्या जहाजांना वाऱ्याची वाट पाहावी लागे आणि उथळ पाण्यात शिरता येत नसे, तर या होड्यांच्या खलाशांना तेथला प्रत्येक खडक आणि प्रत्येक प्रवाह ठाऊक होता. स्थानिक जलज्ञानाचे राजकीय मोल याहून स्पष्ट दाखवणारा प्रसंग या बंदराच्या इतिहासात दुसरा नाही. पुढे १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी आणि करंजा घेतले, १७८२ च्या सालबाईच्या तहाने घारापुरीसह ही बेटे त्यांच्याकडेच राहिली, आणि बंदराचा उत्तर-पूर्व भाग एका सत्तेखाली आला. अलिबागकडचा किनारा मात्र आंग्र्यांकडेच होता आणि त्यांचे संस्थान खालसा होईपर्यंत, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या शेवटापर्यंत, मुंबईहून रेवस-मांडव्याकडे जाणे म्हणजे दुसऱ्याच्या मुलखात जाणे होते.

नदी, खाडी किंवा बंदर ओलांडण्याच्या ठरावीक जागेला आणि तेथे चालणाऱ्या होडीला मराठीत ‘तर’ म्हणतात. मुंबई बेटाभोवती अशा कितीतरी तरी होत्या. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये होड्या चालत, शीव येथून साष्टीकडे जाण्यासाठी खाडी ओलांडावी लागे, आणि कुलाबा तर मुंबईचाच भाग असूनही भरतीच्या वेळी होडीशिवाय गाठता येत नसे. यांतल्या एकेका तरीचा शेवट एकेका बांधाने केला. गव्हर्नर डंकन याच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, शीवचा बांध झाला. १८३८ मध्ये कुलाब्याचा झाला. १८४५ मध्ये माहीमचा खुला झाला. माहीमच्या बांधासाठी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी मोठी देणगी दिली आणि त्यावरून जाणाऱ्यांकडून कर घेतला जाऊ नये अशी अट घातली. ही अट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण होडीने खाडी ओलांडणाऱ्या गरिबाला रोज पैसे मोजावे लागत होते आणि बांध झाल्यावर ते वाचावेत हा विचार एका दानशूर स्त्रीने केला. सरकारी धोरणात तो पुढे क्वचितच दिसतो.

पनवेलची तर याहून मोठी होती. पुणे हे पेशवाईचे आणि नंतर लष्करी छावणीचे ठाणे असल्याने मुंबईहून घाटावर जाणाऱ्या प्रत्येकाला आधी बंदर ओलांडून पनवेल गाठावे लागे आणि मग बोरघाट चढावा लागे. १७७८ च्या अखेरीस पुण्यावर चाल करून निघालेली इंग्रजांची फौज, जिचा पुढे वडगाव येथे पराभव झाला, तीसुद्धा होड्यांतूनच या किनाऱ्यावर उतरली होती. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कम याच्या काळात बोरघाटातून गाडीरस्ता झाला तेव्हा पनवेलच्या धक्क्यावरची गर्दी वाढली. पुढे १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे आणि १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग झाल्यावर पुण्याच्या वाटेवरचा जलप्रवास अनावश्यक ठरला. बंदराच्या उत्तर अंगाची उतारू वाहतूक अशी आटत गेली आणि दक्षिण-पूर्व अंगाची, म्हणजे उरण, रेवस आणि धरमतर यांची, शिल्लक राहिली. कारण त्या बाजूला जमिनीवरून जायचे तर पनवेल आणि पेणचा लांब वळसा घ्यावा लागे.

आगबोटींच्या आधी या वाटेवर मचवे आणि पडाव चालत. मचवा हे शिडाचे, पुढून निमुळते आणि वेगाला हलके असे गलबत, तर पडाव हा रुंद, उथळ बुडाचा आणि ओझे घेणारा. वाहतुकीचे वेळापत्रक छापलेले नसे. ते वारा आणि चंद्र यांच्यावरून काढावे लागे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि दुपारनंतर समुद्राकडून जमिनीकडे खारा वारा वाहतो, म्हणून रेवस किंवा उरणहून पहाटे निघून मुंबईला यावे आणि दुपारनंतर परतावे हा क्रम निसर्गानेच लावून दिलेला होता. भरतीचा हिशेब त्याहून नाजूक असे. कोकणच्या किनाऱ्यावर त्यासाठी एक तोंडी रीत प्रचलित आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे, आणि पुढे दर दिवशी पाऊण तासाने उशिरा.

या रीतीचा प्रवासाशी संबंध कसा येई हे एका उदाहरणाने स्पष्ट होते. अमावास्येला किंवा पौर्णिमेला पहाटे पाच-साडेपाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते आणि तेथून दुपारपर्यंत पाणी चढत जाते. रेवसहून उजाडता निघालेल्या मचव्याला बंदरात शिरणारा भरतीचा ओढ आणि मतलई वारा दोन्ही साथ देत, आणि दुपारी मुंबईहून परतताना ओहोटीचा ओढ आणि खारा वारा पुन्हा सोबतीला असत. मात्र याच दिवसांत उधाणाची, म्हणजे सर्वांत मोठ्या चढ-उताराची, भरती-ओहोटी असल्याने पहाटे काठाचे पाणी फार लांब गेलेले असे, आणि उतारूंना टोपल्या, गाठोडी व लहान मुले घेऊन चिखल तुडवीत मचव्यापर्यंत जावे लागे. उलट अष्टमीला पहाटे काठाला पाणी भरपूर असे, चढणे सोपे जाई, पण सहानंतर ओहोटी लागून मचव्याला सकाळभर उलट ओढाशी झगडावे लागे; अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची, भरती असल्याने हा ओढ काहीसा मंद असे, एवढाच दिलासा. तांडेल, म्हणजे होडीवरचा प्रमुख खलाशी, हे सारे गणित मनात करून निघण्याची वेळ सांगे. पावसाळ्यात हे गणित निरुपयोगी ठरे, कारण नैर्ऋत्येचा वारा दिवसरात्र एकाच दिशेने वाहतो आणि बंदराच्या तोंडाशी लाटा फुटतात. त्यामुळे नारळी पौर्णिमेपर्यंत शिडाची वाहतूक जवळजवळ थांबलेली असे.

मुंबईच्या बाजूला उतरणेही फारसे सुखाचे नव्हते. पूर्व किनाऱ्यावर नीट बांधलेले धक्के थोडे होते आणि तेही सरकारी किंवा लष्करी कामासाठी राखलेले असत. सामान्य उतारू गुडघाभर पाण्यात उतरत, तर पैसेवाले हमालाच्या खांद्यावर बसून कोरडे राहत. ही अडचण दूर केली ती पाठारे प्रभू समाजातल्या लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांनी. लोकांत ते भाऊ रसूल या नावाने ओळखले जात. सरकारी नोकरीत असलेल्या या गृहस्थांनी शहरातला केरकचरा भरावासाठी वापरून समुद्र हटवला आणि १८४१ च्या सुमारास उतारूंसाठी धक्का उभा केला. खर्च त्यांचा, आणि त्या बदल्यात धक्क्यावर येणाऱ्या माल-माणसांकडून शुल्क घेण्याचा हक्कही त्यांचा, अशी व्यवस्था होती. लोकांनी त्याला ‘भाऊचा धक्का’ म्हटले. पुढे बंदराचा विस्तार झाला, १८७३ मध्ये बॉम्बे पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक झाला, मूळचा किनारा भरावाखाली गेला आणि उतारूंचा धक्का माझगावच्या बाजूला हलला, तरी नाव तेच राहिले. सरकारने जे केले नाही ते एका कारकुनी पेशाच्या माणसाने पदरमोड करून केले, हे भाऊंच्या कर्तृत्वाचे मोठेपण आहेच. परंतु एवढ्या मोठ्या बंदरात सामान्य माणसाला कोरड्या पायाने उतरण्यासाठी एका खाजगी व्यक्तीची वाट पाहावी लागली, ही त्या व्यवस्थेवरची गंभीर टीकाही आहे.

कायद्याने या व्यवस्थेला आकार दिला तो १८६८ च्या मुंबई इलाख्याच्या फेरी कायद्याने. सार्वजनिक तर कोणती हे सरकारने जाहीर करावे, तिचे दर ठरवावेत आणि तिचा मक्ता लिलावाने द्यावा, ही त्याची मुख्य चौकट होती. मक्ता म्हणजे ठरावीक मुदतीसाठी ठरावीक रक्कम सरकारात भरून वसुलीचा हक्क घेणे. या चौकटीत ‘तर’ ही सरकारच्या दृष्टीने उत्पन्नाचे साधन ठरली. होडी चांगली असावी, काठावर निवारा असावा, ओहोटीला चालत जाण्यासाठी फरसबंदी असावी, या गोष्टी मक्तेदाराच्या नफ्यातून व्हायच्या होत्या, आणि म्हणून त्या क्वचित होत. याच कायद्याचा सुधारलेला अवतार महाराष्ट्रात दीर्घकाळ लागू राहिला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेफर्ड कंपनीच्या लहान आगबोटी मुंबईहून रेवस आणि धरमतरकडे आणि कोकणच्या इतर बंदरांकडे चालू लागल्या. याच व्यवसायातून पुढे, १९०६ मध्ये, बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी आकाराला आली. आगबोटीने वाऱ्याचे बंधन तोडले, परंतु भरतीचे तोडले नाही. धरमतरच्या खाडीत शिरायचे तर पाणी पुरेसे हवेच होते. तिच्यामुळे वेळ निश्चित झाली आणि प्रवास करणारा समाज बदलला. आधी व्यापारी, यात्रेकरू आणि सरकारी माणसे अधिक असत; आता सकाळी भाजीची, मासळीची आणि फुलांची टोपली घेऊन मुंबईला जावे आणि संध्याकाळी रिकामी टोपली घेऊन परतावे, हे अलिबाग आणि उरण तालुक्यांतल्या बायकांना शक्य झाले. उरणचे मीठ आणि मोहाची दारू, पेणचा तांदूळ आणि पोहे, अलिबागचा पांढरा कांदा, वाल आणि नारळ हा माल याच वाटेने शहरात जाई, आणि त्याच बोटींतून गिरणीत किंवा गोदीत कामाला लागलेली तरुण मुले जात. मुंबईतल्या कामगारवस्तीचा इतिहास लिहिताना कापडगिरण्यांच्या भोंग्याची आठवण सगळे ठेवतात; ती माणसे ज्या धक्क्यावर उतरली त्याची नोंद मात्र फारच थोड्यांनी घेतली आहे.

परकीय कंपनीच्या मक्तेदारीला उत्तर म्हणून स्वदेशी चळवळीच्या प्रेरणेतून इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. कोकणात आणि गोव्यात ती ‘माझी आगबोट कंपनी’ या नावाने ओळखली जाई. या कंपनीने आपल्या बोटींना तुकाराम, रामदास यांसारखी संतांची नावे दिली आणि ख्रिस्ती उतारूंसाठी सेंट झेवियर, सेंट अँथनी अशीही नावे ठेवली. धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला ही बोट आपली वाटावी हा त्यामागचा हेतू उघड होता आणि तो बराच सफलही झाला. कंपनीच्या वाट्याला संकटेही मोठी आली. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी वादळात सापडून बुडाल्या.

या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा आघात १७ जुलै १९४७ रोजी झाला. त्या दिवशी आषाढी अमावास्या होती, जी महाराष्ट्रात गटारी म्हणून ओळखली जाते, आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण लागणार असल्याने सणासाठी घरी निघालेल्यांची भाऊच्या धक्क्यावर मोठी गर्दी होती. १९३६ मध्ये इंग्लंडच्या स्वान हंटर गोदीत बांधलेली, सुमारे चारशे टनांची ‘रामदास’ ही बोट सकाळी आठच्या सुमारास सातशेच्या आसपास माणसे घेऊन रेवसकडे निघाली. बंदराच्या तोंडाशी पाऊस, वारा आणि लाटा यांनी तिला गाठले. एका मोठ्या लाटेने बोट एका अंगाला कलली, पाणी आत आले, घाबरलेले उतारू एकाच बाजूला धावले, आणि आधीच ढळलेला तोल पुरता गेला. निघाल्यापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या आत बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते, म्हणून मुंबईला काही तास काहीच कळले नाही. वाचलेले लोक किनाऱ्याला लागल्यावर दुपारी बातमी पोहोचली. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी आपली मासळी समुद्रात टाकून होड्या मोकळ्या केल्या आणि बुडणाऱ्यांना वर घेतले, ही हकीकत त्या किनाऱ्यावर आजही कृतज्ञतेने सांगितली जाते. जे वाचले त्यांतले बहुतेक या कोळ्यांमुळे वाचले.

महिनाभरात देश स्वतंत्र झाला आणि वृत्तपत्रांची पाने त्या घटनेने व्यापली. एवढी मोठी प्राणहानी होऊनही ‘रामदास’ची आठवण रायगड जिल्ह्याबाहेर फारशी उरली नाही, याचे एक कारण हे असावे; दुसरे कारण असे की बुडालेली माणसे ज्या वर्गातली होती त्या वर्गाचे दुःख लिहून ठेवणारे त्या काळी थोडे होते. चौकशी झाली, उतारू बोटींवर बिनतारी यंत्र सक्तीचे झाले आणि पावसाळ्यातल्या वाहतुकीवरचे निर्बंध कडक झाले. हे नियम योग्यच होते, परंतु त्यांचा एक परिणाम असाही झाला की पावसाळ्यात अधिक सुरक्षित बोट देण्याऐवजी बोट बंद ठेवणे हेच सोपे उत्तर ठरले.

कोकणच्या लांब पल्ल्याच्या बोटी हा स्वतंत्र विषय आहे. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण करीत पणजीला जाणाऱ्या या बोटी बहुतेक बंदरांत काठाला लागत नसत आणि उतारूंना भर समुद्रात पडावात उतरावे लागे, एवढे येथे नोंदवणे पुरे. मुंबई-गोवा रस्ता सुधारला, एस.टी. गावोगाव पोहोचली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही सेवा संपली. बंदरातल्या लहान पल्ल्याच्या फेऱ्या मात्र टिकल्या. आगबोटींची जागा डिझेलवर चालणाऱ्या लाकडी लाँचने घेतली. तिच्यावर सारंग, म्हणजे परवानाधारक चालक, आणि दोन-तीन खलाशी असतात. भाऊच्या धक्क्यावरून मोरा आणि रेवस, तर गेटवे ऑफ इंडियाजवळून घारापुरी आणि मांडवा असे तिचे मार्ग ठरून गेले.

मोरा हा उरणचा धक्का. तेथून मुंबईला जाणारी लाँच साधारण तासाभरात पोहोचते, पण धक्क्याजवळ इतका गाळ साचतो की मोठ्या ओहोटीच्या दिवसांत काही तास लाँच काठाला लागूच शकत नाही आणि फेऱ्या थांबवाव्या लागतात. तिथीची पाऊणपट करणाऱ्या तांडेलाचा हिशेब डिझेलच्या काळातही सुटलेला नाही. पावसाळ्यात सुरक्षिततेसाठी उतारूंची संख्या कमी ठेवावी लागते म्हणून त्याच काळात तिकीट वाढवले जाते. म्हणजे नियमाचा भार पुन्हा उतारूच्या खिशावर येतो. या अवस्थेला कारभाराची विभागणीही कारण आहे. मुंबईकडचा धक्का पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टच्या, म्हणजे आजच्या मुंबई बंदर प्राधिकरणाच्या, तर मोरा, रेवस आणि मांडवा येथले धक्के १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत येतात, आणि लाँच मात्र खाजगी मालकांच्या असतात. एका तासाच्या प्रवासाची जबाबदारी अशी तिघांत वाटली गेल्याने ती पुरतेपणी कोणाचीच राहत नाही.

घारापुरीची गोष्ट आणखी वेगळी आहे. जगभरातले प्रवासी लेण्यांसाठी तेथे जातात, १९८७ पासून ती जागतिक वारसा स्थळ आहेत, पण राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तीन वाड्यांत राहणाऱ्या हजारभर लोकांना महाविद्यालयासाठी, इस्पितळासाठी आणि बाजारासाठी बोटीशिवाय वाट नाही. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची तार टाकून या बेटावर कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समोरच्या मुंबईचे दिवे रोज दिसत असताना. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर, इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर प्रत्येक उतारूने जीवरक्षक जाकीट घालण्याची सक्ती कसोशीने होऊ लागली. ‘रामदास’नंतर बिनतारी यंत्र आले, ‘नीलकमल’नंतर जाकीट आले, या बंदरात सुरक्षिततेची साधने अपघाताच्या मागून येण्याची रीत अजून बदललेली नाही.

गेल्या काही वर्षांत मात्र एक मोलाचा फरक पडला. १५ मार्च २०२० रोजी भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो सेवा सुरू झाली; रो-रो म्हणजे जिच्यात वाहने चालवीतच चढवता आणि उतरवता येतात अशी मोठी बोट. टाळेबंदीमुळे ती लगेच थांबली आणि ऑगस्टमध्ये पुन्हा चालू झाली. एका फेरीत शेकडो उतारू आणि शंभराहून अधिक वाहने नेणारी ही बोट तासाभरात पोहोचते, आणि विशेष म्हणजे गेटवेच्या लाँच बंद असतात त्या पावसाळ्यातही ती चालते. योग्य बोट आणि योग्य धक्का असेल तर पावसाळ्यात बंदर ओलांडता येते, हे तिने सिद्ध केले. ‘रामदास’नंतर सत्तर वर्षे जे अशक्य मानले गेले तो मुळात खर्चाचा आणि इच्छेचा प्रश्न होता.

१२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा मार्गावरचा अटल सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी उपनगरी रेल्वे उरणपर्यंत पोहोचली. शीव, कुलाबा आणि माहीम येथे जे झाले तेच आता मोऱ्याचे होईल, असा तर्क सहज मनात येतो. परंतु तो घाईचा आहे. माहीमच्या बांधावरून पायी चालणारा माणूस फुकट जात होता. अटल सेतूवर पादचाऱ्याला, दुचाकीला आणि रिक्षाला प्रवेश नाही, आणि मोटारीला एका खेपेस अडीचशे रुपये टोल ठरवला गेला. रेल्वेने उरणची मोठी सोय केली हे खरे, पण तिचा रेवस, मांडवा आणि घारापुरीला काही उपयोग नाही. गोव्यात चोडण आणि दिवाडी या बेटांवरून पणजी परिसरात येणाऱ्या फेरीबोटी शासनाचे नदी परिवहन खाते चालवते आणि पायी उतारूंकडून भाडे घेत नाही, कारण तेथे फेरीबोट हा रस्त्याचाच भाग मानला जातो. महाराष्ट्राने हीच भूमिका मुंबई बंदरात घ्यायला हवी: मोरा आणि रेवस येथला गाळ नियमित काढावा, ओहोटीतही लाँच लागेल असे धक्के बांधावेत, घारापुरीच्या रहिवाशांसाठी पर्यटकांच्या वेळांवर अवलंबून नसलेली बारमाही बोट द्यावी, आणि या कामांचा खर्च तिकिटातून न काढता रस्त्यांच्या खर्चासारखा सरकारी तिजोरीतून करावा.